बिरोबाचा वाटा

"न्यायला आलीस, का नेलेलं परत द्यायला?" भागूबाईनं विचारलं.

एसटीतून उतरून, खांद्याला बर्फाची पेटी लटकवून, कापलेल्या भातखाचरांचे बांध तुडवत मी धनगरांच्या वाड्यापाशी पोचले होते. वाडा म्हणजे इथं घर नव्हे. चार बिऱ्हाडं, तीन घोडी, कुत्री आणि पाच-सहाशे मेंढरं एकत्र फिरतात, त्याला ते वाडा म्हणतात. दिवाळीनंतर माणदेशातून घाट उतरून कोकणात यायचं, कापलेल्या शेतांत मेंढरं बसवायची आणि पावसाच्या आधी परत वर जायचं. गडीमाणसं चारायला गेली होती. भागूबाई पालाच्या सावलीत मांडीवर कोकरू घेऊन त्याच्या कानातले गोचीड काढत बसली होती. माझ्याकडे तिनं मान वर करून पाहिलंही नाही.

"अजून थोडं न्यायचंय, मावशी," मी म्हणाले.

"मागल्या येळंला एवढ्या कोकरांचं रगत काढलंस. काय घावलं त्यात?"

"काहीच नाही."

"मग घावंना तर आणिक कशापायी?"

"घावलं नाही म्हणूनच."

ती ओठाच्या एका कोपऱ्यातून हसली आणि हातातला गोचीड दगडावर चिरडला. "बस मंग. च्या घे. रगताचं मागनं बघू."

याला आता वीस-बावीस वर्षं झाली. तेव्हा मी पशुवैद्यकीय महाविद्यालयात पुढचं शिक्षण घेत होते. माझ्या प्रबंधाचं नाव वाचायलाच दोन दम लागायचे, पण मुद्दा साधा होता: कोकराला बुळकांडीची लस कोणत्या वयात टोचायची? शेळ्यामेंढ्यांचा हा रोग फार वाईट. ताप येतो, नाक-डोळे गळतात, तोंड आतून सोललं जातं, मग हगवण लागते आणि आठवड्यात जनावर आडवं होतं. पण यातून एकदा वाचलेली किंवा लस टोचलेली मेंढी त्या रोगाला विसरत नाही. तिच्या रक्तात त्याला ओळखून धरणारी प्रतिपिंडं तयार असतात. आईकडून ती कोकराला मिळतात आणि पहिले काही महिने त्याला राखतात. गंमत अशी की आईचं हे देणं अंगात असताना लस टोचली, तर ते त्या लशीलाच वैरी समजून संपवतं आणि टोचणं वाया जातं. म्हणून नियम असा, की चार महिन्यांखालच्या कोकराला टोचायचं नाही.

आदल्या वर्षी टोचणी करणारी माणसं या वाड्यावर येऊन गेली होती. त्यांनी नियमाप्रमाणे मोठी मेंढरं टोचली आणि बारकी कोकरं सोडली. पुढच्याच महिन्यात बुळकांडी आली. मोठ्यांना काही झालं नाही, बारकी मात्र पटापट मेली. भागूबाईच्या पालापुढं तर एकही उरलं नाही. वाड्यानं त्यातून सरळ अर्थ काढला, की सुईनंच रोग आणला. तेव्हापासून लशीचं नाव काढलं की सगळ्यांची तोंडं फिरायची.

मला त्यांनी रक्त काढू दिलं ते केवळ घोडीमुळे. वाड्याचा कारभारी तात्याबा दडस याची बिऱ्हाड वाहणारी घोडी लंगडत होती. मी तिच्या खुरातला पू काढून दिला आणि तात्याबा म्हणाला, "घे बाई काय घ्यायचं ते, पर टोचायचं न्हाय." कोकरांवर सत्ता मात्र त्याच्या भावजयीची, भागूबाईची. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा भिवा मेंढरांमागं असायचा आणि सून रखमाला सातवा लागला होता. त्या पहिल्या खेपेला भागूबाईनं मला कोकरं धरून दिली आणि वर गूळ घातलेला खरवस खायला दिला. असा खरवस मी आयुष्यात खाल्ला नव्हता. मी दोन वाट्या हाणल्या आणि तिसरीला नको म्हणताना लाजले.

नमुने घेऊन गेले आणि प्रयोगशाळेत डोकं धरून बसायची वेळ आली. मेंढ्यांच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर होती, आणि त्यांच्याच महिना-दीड महिन्याच्या कोकरांत काही नाही. अगदी पाटी कोरी.

माझे मार्गदर्शक सबनीस सर चष्मा कपाळावर चढवून आकडे बघत राहिले. माणूस सज्जन, पण विश्वास फक्त स्वतःच्या फ्रीजवर. "हे शक्य नाही," ते म्हणाले. "आई लखपती आणि लेकरू भिकारी? तुमचा घोळ झालाय. कुणाचं कोकरू कुणाच्या मेंढीपुढं मांडलंत. धनगराच्या वाड्यावर नमुने गोळा करणं म्हणजे जत्रेत चपला शोधणं."

"त्या बाईचं कोकरू चुकत नाही, सर. तुमच्या-माझ्या घरात मुलं चुकतील का?"

"मग बर्फ वितळला असेल. काढून टाका ते नमुने आणि दुसरा वाडा बघा."

माझी आई म्हणायची, हिला नाही म्हटलं की हिच्या अंगात येतं. तेच झालं. मी नमुने टाकले नाहीत आणि वाडाही बदलला नाही. ज्या कोकरांत आईचं काहीच नाही, ती कोकरं जन्मापासून उघडी आहेत. चार महिन्यांची होईपर्यंत त्यांना राखणारं कुणी नाही. माझे आकडे बरोबर असतील तर भागूबाईची या वर्षाचीही कोकरं मरणार होती, आणि नियम त्यांना लस टोचू देणार नव्हता. मला खरं-खोटं बघायचं होतं. म्हणून मी परत आले होते.

मी चहा पीत असताना तात्याबा आला. त्याचा चेहरा उतरला होता. "नदीपल्याड गोफण्यांचा वाडा उतरलाय," तो म्हणाला. "त्यांची कोकरं शिंकत्यात. नाकं वाहत्यात."

भागूबाईचा हात कोकराच्या कानावर तसाच राहिला. "तोंडं आली का?"

"दोघा-तिघांची आल्यात म्हणं."

रखमानं चुलीतलं लाकूड उगाच मागं-पुढं केलं.

मी त्या दिवशी परत जाणार होते, पण राहिले. काही मेंढ्या अजून व्यायच्या होत्या. जन्मापासून एक तरी कोकरू डोळ्यांसमोर ठेवून बघायचं, असं मी ठरवलं. तशी संधी दुसऱ्या दिवशी दुपारीच मिळाली. मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीत एक काळतोंडी मेंढी आडवी झाली आणि थोड्या वेळात व्याली. भागूबाई लगबगीनं गेली. कोकराचं नाक-तोंड पुसलं, फडक्यानं अंग चोळलं, नाळ बघितली. तिचे हात इतके सराईत होते की मी नुसती बघत उभी राहिले. कोकरू धडपडत उठलं आणि आचळाकडे तोंड नेऊ लागलं. तेवढ्यात भागूबाईनं त्याला उचलून रखमाकडे दिलं आणि स्वतः तांब्या घेऊन मेंढीखाली बसली. पिवळाधमक, दाट चीक धारेधारेनं तांब्यात पडू लागला. तिनं कास अगदी निपटून काढली. तिकडे रखमानं एक दुभती शेळी धरली होती, आणि कोकरू तिच्या आचळाला लागून शेपूट हलवत पीत होतं.

"मावशी, कोकराला आईखाली का नाही सोडलं?"

"सोडायचं की. उद्या. आजचा पयला चीक बिरोबाचा." तिनं तांब्यावर फडकं बांधलं. "आमच्या सासऱ्याच्या टायमाला मोठी मर आली व्हती. म्हाताऱ्यानं नवस बोलला, ह्यातनं वाचलं तर हरेक मेंढीचा पयला चीक तुझा. तवापासनं हाय."

"आणि मग त्या चिकाचं काय करता?"

"निवद दावायचा. मंग खरवस करून समद्यांनी खायाचा. तू न्हाय का खाल्लास?"

मी खाली बसले. मला हसू येत होतं आणि रडूही. सबनीस सर म्हणत होते बर्फ वितळला, चपला हरवल्या. आणि त्या कोकरांचा आईकडून यायचा सगळा वाटा मी स्वतः, गूळ घालून, दोन वाट्या खाऊन गेले होते.

गावात एक टेलिफोनचं बूथ होतं. मी तिथून सरांना गाठलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"एका वाड्याच्या चालीसाठी नियम बदलत नाहीत," ते म्हणाले.

"नियम बदलू नका, सर. नियम आईचा चीक प्यालेल्या कोकरांसाठी आहे. ही त्यात बसतच नाहीत."

"टोचल्यावर मेली तर? नाव आपलं जाईल. पुन्हा एकही वाडा सुई जवळ येऊ देणार नाही."

"नाही टोचली तर ती मरणारच आहेत. नदीपलीकडे सुरू झालंय."

मग सर म्हणाले, "तुलनेसाठी निम्मी कोकरं न टोचता ठेवाल?"

"तुलनेला गोफण्यांचा वाडा आहे की, सर."

"हट्टी आहात," ते म्हणाले. "या. कुप्या काढून ठेवतो."

रात्रीचा प्रवास करून गेले, पेटीत बर्फ आणि कुप्या भरल्या आणि उलट पावली परत आले. येताना गाडीत लक्षात आलं, की टोचून घ्यायला अजून कुणी हो म्हटलेलंच नाही. आधी कळस मग पाया, दुसरं काय. पण माझी खात्री होती. एवढी स्वच्छ गोष्ट समजावली की कोण नाही म्हणेल?

तात्याबा, भागूबाई, भिवा आणि रखमा यांना पालापुढं बसवून मी सांगायला लागले. "मेंढी पोटातल्या कोकराला रक्त-मास देते, पण रोगाशी लढायचं बळ पोटात असताना देत नाही. ते सगळं ती चिकात साठवते. पहिल्या दिवशी कोकरू तो चीक प्यालं, की आईनं जे जे सोसलंय त्याची शिदोरी त्याला मिळते. दुसऱ्या दिवसापासून त्याचं आतडं ती आत घेईनासं होतं. तुमची कोकरं शिदोरीवाचून वाटेला लागतात. म्हणून ती चार महिने थांबू शकत नाहीत. त्यांना आत्ताच टोचायला हवं."

"शेळीचं पित्यात की," भिवा म्हणाला.

"शेळी व्यायला किती दिवस झाले? तिच्या दुधात आता चीक कुठला?"

तात्याबानं मान हलवली. त्याला पटत होतं, हे दिसत होतं. मी भागूबाईकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

"म्हंजे मागल्या सालची माझी कोकरं," ती म्हणाली आणि थांबली. "पयला चीक न्हाय प्याली, म्हणून."

"तसंच दिसतंय, मावशी."

ती उठली. लुगड्याचा ओचा झटकला आणि ओढ्याकडे चालू लागली.

"आता ती काय ऐकायची न्हाय," तात्याबा हळूच म्हणाला. "तू देवाच्या वाट्याला हात घातलास, बाई."

"मी देवाबद्दल एक शब्द बोलले नाही."

"बोलायला कशाला पायजे? आन् कोकरं तिची. ती म्हणंल तसं."

त्या संध्याकाळी भागूबाई माझ्याशी बोलली नाही. भाकरी माझ्यापुढं ठेवली, पण हातानं सरकवून. मला तिचा राग आला. एवढ्या लांबून, अंगात कणकण असताना, मी तिच्याच कोकरांसाठी धावाधाव करत होते, आणि ही बाई एका दगडापायी त्यांना मरू देणार होती. असंच वाटलं मला तेव्हा. पेटीतला बर्फ मी दोनदा उघडून बघितला. निम्म्यावर आला होता.

सकाळी मी तिच्यामागून ओढ्यावर गेले. ती राखेनं भांडी घासत होती. तो तांब्याही त्यात होता.

"मावशी, बर्फ आज संध्याकाळपर्यंत टिकेल. मग औषध नासेल आणि मला जावं लागेल."

ती घासत राहिली.

"देवाचा कोप व्हायचा असेल तर माझ्यावर होऊ दे. मी तसं सांगते त्याला. पण कोकरांचा काय दोष?"

"देवाचं काय न्हाय गं त्यात," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे नीट बघितलं. डोळे सुजले होते. "बस हितं. एक इचारते. खरं सांगशील?"

मी बसले.

"माणसाचं बी असंच असतं का?"

मला आधी कळलंच नाही. मग तिनं सांगितलं. ओढ्याच्या पाण्याकडे बघत, भाजीचा भाव सांगावा तसं सरळ सांगितलं. भिवाच्या आधीची दोन. एक मुलगा, एक मुलगी. सासू म्हणायची, बाळंतिणीचा चीक जड, पोराला पचत नाही. तीन दिवस पिळून टाकायचा.

"मी टाकला. बोरीच्या बुडात पिळला आन् पोरास्नी शेळीचं दूध पाजलं. दोघं बी गेली. एक तीन महिन्याचं, एक चार. हगवण लागली आन् गेली. भिवाच्या टायमाला सासू नव्हती. वाडा चालता व्हता, मी वाटंतच बाळंत झाले. पिळायला कोण बसतंय? तसाच लावला छातीला. हा जगला."

ती थांबली. तिनं स्वतःच मेळ घालून ठेवला होता. आता तिला फक्त माझा होकार हवा होता, किंवा नकार.

ती हगवण म्हणाली आणि पुस्तकातलं सगळं पान माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. माणसाच्या चिकाचं मोठं काम तेच असतं, बाळाचं आतडं आतून राखायचं. ते पान मी उलटलं. त्याच्या मागच्या बाजूला दुसरी एक गोष्ट होती, तीही तितकीच खरी.

"मावशी, माणसाचं तसं नसतं," मी म्हणाले. "मेंढीची वार वेगळी, बाईची वेगळी. मेंढीला पोटातल्या पोटात देता येत नाही. बाईला येतं. बाळ पोटात असतानाच नाळेतून ती त्याला देत असते. शेवटच्या महिन्यांत तर भरभरून. तुम्ही तुमच्या दोन्ही पोरांना दिलं होतं. जन्मायच्या आधीच."

"पोटातच?"

"पोटातच."

"माझ्या गळ्याची आण?"

"तुमच्या गळ्याची आण."

यात एकही अक्षर खोटं नव्हतं. मी अर्धं सांगितलं आणि अर्धं ठेवलं. आज कुणी विचारलं तरी त्या ओढ्यावर मी तेवढंच सांगेन.

भागूबाईनं ओल्या हातानं तोंड पुसलं. तांब्या खळखळून धुतला, पालथा घातला आणि उठून उभी राहिली. "चल," ती म्हणाली. "ऊन चढंल."

कोकरं टोचायला दुपार झाली. भागूबाई एकेक कोकरू दोन्ही गुडघ्यांत धरायची, मी कातडी चिमटीत उचलून सुई घालायचे. रखमाला बस म्हटलं तरी बसली नाही; टोचलेल्या कोकराच्या कपाळाला ती गेरूचं बोट लावत होती. तात्याबा लांब उभा राहून बघत होता. शेवटची कुपी संपली तेव्हा पेटीत नुसतं थंड पाणी उरलं होतं.

लस अंगी लागायला दोन आठवडे जावे लागतात. ते दोन आठवडे जाता जाईनात. त्यातले बरेच दिवस मी वाड्यावरच काढले. मेंढरं नदीकडे न्यायची नाहीत, पलीकडच्या माणसांनी इकडे यायचं नाही, एवढं तात्याबानं काठी आपटून सर्वांना बजावलं. रोज सकाळी भागूबाई आणि मी कोकरांची नाकं बघत फिरायचो. गोफण्यांच्या वाड्यावर रोज खड्डे खणत होते. मग एका सकाळी आमच्याही एका कोकराच्या नाकाला शेंबूड दिसला. भागूबाईनं माझ्याकडे बघितलं. मी ते उचलून बाकीच्यांपासून लांब नेऊन बांधलं.

ते कोकरू मेलं. त्याच्यामागून आणखी थोडी मेली, मुळातच अशक्त होती ती, आणि टोचल्यानंतर जन्मलेली दोन. बाकीची सगळी दोन दिवस मलूल झाली, अंग टाकल्यासारखी बसली आणि तिसऱ्या दिवशी उठून चरायला लागली. माझा विश्वास बसेना. मी त्यांच्या मागं मागं फिरत होते आणि भिवा हसत होता, "बाई, चरू द्या की त्यास्नी."

होळी झाल्यावर वाडा परत घाट चढायला निघाला. शेवटचे नमुने घ्यायला मी त्यांना घाटाच्या पायथ्याला गाठलं. आधीच्या नमुन्यांचे आकडे बघून सबनीस सरांनी चष्मा पुसला होता आणि स्वतःच्या हातानं सगळं पुन्हा तपासलं होतं. मग म्हणाले होते, "लिहा. आणि चालीबद्दलही लिहा. आम्ही कोकरं बघितली, ती पाजणारे हात बघितले नाहीत."

भागूबाई दगडावर बसून लोकर पिंजत होती. शेजारी रखमा, दिवस भरत आलेले, पाय लांब करून टेकली होती. मी रक्ताच्या नळ्या पेटीत लावल्या आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"पुढच्या सालापासनं बिरोबाला दुसऱ्या दिसाची धार," भागूबाई म्हणाली. "पयली कोकराची. त्येला कौल लावला. उजवा दिला त्येनं."

"आणि डावा दिला असता तर?"

"तर परत लावला असता. त्येला काय बुळकांडी व्हणार हाय?"

रखमा फिदीफिदी हसली. मीही हसले. भागूबाईनं लोकरीतली काडी काढून टाकली.

"आन् हिचं?" तिनं सुनेकडे हनुवटी केली. "आज-उद्याकडं आलीया. तू म्हणालीस, माणसाची आई पोटातच देती. मंग हिनं चीक पिळून टाकला तरी चालंल न्हवं? हिच्या आईनं तसंच सांगून ठिवलंय."

तिनं अगदी सहज विचारलं. का सहज नव्हतंच, ते मला आजही माहीत नाही. रखमा माझ्या तोंडाकडे बघत होती, एक हात पोटावर ठेवून. ओढ्यावर मी जे अर्धं ठेवलं होतं, ते आता ठेवता येणार नव्हतं. ते या पोटातल्या पोराचं होतं.

"नाही, मावशी," मी म्हणाले. "टाकायचा नाही. जन्मल्यावर लगेच पाजायचा. सगळा."

"का?"

"पोटात मिळतं ते रक्तात राहतं. गोवर, ताप, असल्याला उपयोगी पडतं. पण आतड्याला राखायचं जे असतं, ते चिकात येतं." मी एक श्वास घेतला. "हगवणीचं."

रखमा माझ्याकडून सासूकडे आणि सासूकडून माझ्याकडे बघत राहिली. तिला त्यातलं काही ठाऊक नसावं. भागूबाईच्या हातातली लोकर थांबली होती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं, पण मी नजर हलवली नाही. तेवढं तरी मी तिचं देणं लागत होते.

"म्हंजे निम्मं पोटात आन् निम्मं चिकात," ती म्हणाली.

"होय."

"आन् हे तुला तवा बी ठावं व्हतं."

"होतं."

तिनं मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिली. वर घाटात घोडी कुठंतरी खिंकाळली आणि तात्याबाची हाक आली. ती उठली नाही.

"निम्मं तर मी दिलं व्हतं," ती म्हणाली.

"दिलं होतं, मावशी."

मग तिनं लोकर पिशवीत कोंबली, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि सुनेला हात दिला. "ऐकलंस न्हवं, रखमे? पोर आलं की लगीच छातीला लावायचं. वाटंत झालीस तर वाटंत. कोण पिळून टाक म्हणालं, तर त्येला माझ्याकडं धाड."